टोकियोत राहून आलेल्यांसाठी: टूरिस्ट म्हणून परत जाताना काय काय करायचं

आम्ही टोकियोत निशि-कासाईत सात वर्षं राहिलो, २०११ ते २०१८. मुलगी तिथेच जन्मली, मग पुण्याला परत आलो आणि २०२५ च्या मार्चअखेर पहिल्यांदा टूरिस्ट म्हणून पंधरा दिवस जाऊन आलो. जायच्या आधी मला अगदी मनापासून वाटत होतं की आपल्याला कसली आलीय तयारी, तयारी नव्या लोकांना लागते, आपल्याला तर कुठल्या दारातून बाहेर पडलं की एस्केलेटर जवळ पडतो हेही पाठ आहे. आणि जे जे अडलं ते सगळं याच विचारामुळे अडलं. तुम्हाला माहीत असतं ते तुम्ही निघालात त्या वर्षाचं टोकियो, आणि तेही तिथे राहणाऱ्याचं. आता तुम्ही रहिवासी नाही, तुमचं कार्ड नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही, तिथल्या कागदांच्या हिशेबात तुम्ही पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासारखेच. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग बाकीचं सोपं जातं.

पुण्या-मुंबईकडून जपानला जाऊन परत आलेली बरीच घरं आहेत, त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. तारखा: शाळेची सुट्टी बघून लगेच तिकीट काढू नका

आपल्या मुलांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि नेमका तिथे २९ एप्रिल ते ५ मे गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांचा आठवडा असतो. राहत होतो तेव्हा त्या आठवड्यात आपणच कुठेतरी बाहेर जायचो किंवा घरात बसायचो, त्यामुळे हॉटेलचे भाव त्या दिवसांत कुठे जातात ते कळलंच नव्हतं. शिवाय ज्यांना भेटायला जायचं ते जपानी मित्र आणि शेजारी गावी गेलेले असतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन (तिथला पितरांचा सण) आणि नवीन वर्षाचे पहिले तीन-चार दिवस यांचंही तेच. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयू, म्हणजे पाऊस आणि चिकचिक. मार्चचा शेवट ते एप्रिलचा दुसरा आठवडा मिळत असेल तर शाळा चार दिवस बुडली तरी चालेल, साकुरा (चेरीचा बहर) आहेच आणि हवाही छान असते. गर्दी असते, पण माणसं गावात असतात.

२. व्हिसा: जुनं झाइर्यू कार्ड विसरा

कायमचे निघालात तेव्हा विमानतळावर या रहिवासी कार्डाला भोक पाडून परत दिलं असेल, ती आता फक्त आठवण. काही जण 'परत येणार' असा चौकोन टिक करून स्पेशल री-एन्ट्रीवर निघाले आणि मग इकडेच राहिले, त्यांचं कार्ड अख्खं असतं, त्यावर पुढच्या वर्षाची तारीखही दिसत असते. त्याचा काही उपयोग नाही. त्या सोयीने एक वर्षाच्या आत परत जावं लागतं, नाही गेलात तर स्टेटस संपलं. असं कार्ड दाखवून काही होईल या आशेवर राहू नका, साधा टूरिस्ट व्हिसा घ्या.

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून टूरिझमसाठी ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश आणि जास्तीत जास्त ९० दिवस. यात पासपोर्टवर स्टिकर येत नाही. दोन ठिकाणी लोक फसतात.

एक, विमानतळावर व्हिसाची नोटीस फोनवर इंटरनेट चालू ठेवून, साइट उघडून दाखवायची असते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट चालत नाही. आमच्यासमोर चेक-इनच्या रांगेत एक आजी-आजोबा प्रिंटचं सुंदर फोल्डर घेऊन उभे होते आणि मुलाला फोन लावत होते. फोन चार्ज हवा, नेट हवं, आणि लॉगिनचा पासवर्ड पाठ हवा.

दोन, फॉर्ममध्ये आधी जपानमध्ये कधी आणि किती दिवस राहिलात हे विचारतात. 'एकदा गेलो होतो' असं मोघम लिहू नका. जुन्या पासपोर्टवरचे शिक्के बघून तारखा लिहा आणि त्या पानांच्या कॉपी जोडा. सात वर्षं राहून नीट नियम पाळून आलात हे तुमच्या बाजूचंच आहे, ते लपवायचं कशाला.

मित्राकडे उतरणार असाल तर आधी ठरवा, स्वतःच्या खर्चाने टूरिस्ट म्हणून जाताय की त्याच्या निमंत्रणावर. निमंत्रण असेल तर त्याला पत्र, हमीपत्र, जुमिनह्यो (रहिवासाचा दाखला) वगैरे कागद पाठवावे लागतात आणि त्याला वॉर्ड ऑफिसला जाण्यासाठी वेळ काढावा लागतो. आम्ही मित्राला त्रास नको म्हणून स्वतःच्या खर्चाने अर्ज केला.

३. ही कागदपत्रं निघायच्या महिनाभर आधी शोधा

निघायच्या आदल्या रात्री शोधायला घेतलंत तर सापडणार नाहीत, आमच्याकडे अर्धी सासरी होती.

- जुने सगळे पासपोर्ट (फोटोकॉपी बरोबर, मूळ घरी)
- झाइर्यू कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी
- पेन्शनची निळी वही किंवा त्यावरचा दहा आकडी नंबर
- बँकेचं पासबुक, कॅश कार्ड आणि खातं उघडताना वापरलेला हानको (नावाचा शिक्का)
- मुलं तिथे जन्मली असतील तर जन्माच्या दाखल्याची आणि बोशी तेच्योची (आई-बाळाच्या आरोग्याच्या वहीची) कॉपी
- जुना पत्ता जपानी लिपीत, जसाच्या तसा
- ट्रॅव्हल इन्शुरन्स

शेवटचं नीट वाचा. राहत होतो तेव्हा हेल्थ इन्शुरन्समध्ये ३० टक्केच भरायचो, त्यामुळे तिथला दवाखाना स्वस्त असतो असं डोक्यात बसलंय. टूरिस्टला पूर्ण बिल भरावं लागतं.

बँकेत खातं उघडं राहिलं असेल आणि ते बंद करायचं असेल तर एक सकाळ त्यासाठीच ठेवा. पासपोर्टवर जपानी पत्ता नसतो आणि खात्यावर जुना पत्ता असतो, मग ते जुळवून दाखवायला झाइर्यूची कॉपी कामाला येते. हानको चुकीचा नेलात तर परत फेरी.

४. पेन्शनचे पैसे: ट्रिपची वाट बघू नका

हे वेगळं लिहितेय कारण यात माझ्या दोन ओळखीच्या घरांचे पैसे गेले. 'परत जाऊ तेव्हा बघू' असं म्हणत राहिले आणि मुदत टळली.

कोसेइ नेन्किन (नोकरदारांचं पेन्शन) भरलं असेल तर देश सोडल्यावर एकरकमी काही पैसे परत मागता येतात, त्याला दात्ताइ इचिजिकिन म्हणतात. अर्ज जपानमधला पत्ता संपल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, आणि तो भारतातून पोस्टाने होतो, त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. आधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा हिशेब धरायचे, एप्रिल २०२१ पासून ६० महिन्यांचा धरतात. यातून २०.४२ टक्के टॅक्स कापून येतो. तो टॅक्स परत मागायला जपानमध्ये कोणीतरी नोउझेइ कान्रिनिन, म्हणजे तुमच्या वतीने टॅक्सचं काम बघणारा माणूस नेमावा लागतो. विश्वासातला मित्र चालतो.

पण अर्ज करायच्या आधी एक विचार करा. भारत-जपान सोशल सिक्युरिटी करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि जपानी पेन्शनला आता किमान १० वर्षं पुरतात, आधी २५ लागायची. करारामुळे इकडची वर्षं त्या दहाच्या हिशेबात धरता येतात. एकरकमी पैसे घेतलेत की तिकडची ती वर्षं पुसली जातात. म्हणजे हातात आज थोडे पैसे की म्हातारपणी दर महिन्याला थोडे येन, हे नवरा-बायकोने बसून ठरवा. आम्ही घेतले नाहीत. आणि जे डेप्युटेशनवर सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (पेन्शन भारतातच भरतोय याचा दाखला) घेऊन गेले होते त्यांनी तिकडे पेन्शन भरलेलंच नाही, त्यांनी हा भाग सोडून द्या.

५. बॅग भरताना

तिथल्या मैत्रिणी कढीपत्ता मागणार. माझ्याकडेही मागितला, आणि पूर्वी मीही मागायचे. नाही म्हणा. ताजा पाला, फळं, भाज्या सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थ अजिबात नाहीत, आणि आंबा कितीही वाटलं तरी नाही. हापूसची तिथे जाणारी पेटी वाफेची प्रक्रिया होऊन, तपासणी होऊन जाते, आपल्या बॅगेतली नाही. गोडा मसाला, मेतकूट, चिवडा, बाकरवडी असं कोरडं न्या, त्यावर लोक जीव टाकतात.

औषधांचं मात्र फार सांभाळा. इथे सर्दीची गोळी आपण सहज घेतो, पण स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं औषध तिथे चालत नाही, प्रिस्क्रिप्शन असलं तरी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही मर्यादा आहे. पाकिटावरची नावं वाचा. बीपी-शुगरच्या गोळ्या एक महिन्यापुरत्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात. त्याहून जास्त लागत असतील तर आधी परवानगी काढायची.

शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) क्योतो-ओसाकाकडे जाणार असाल आणि मोठी बॅग असेल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की तोकाइदो लाइनवर बॅगेसाठीची सीट आधी बुक करावी लागते. हे मे २०२० पासून आहे, आपल्या वेळेला नव्हतं. सोपं म्हणजे बॅग ताक्क्युबिनने (कुरियरने) पुढे पाठवा आणि मोकळ्या हाताने जा.

६. विमानतळ

व्हिजिट जपान वेबवर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती आधीच भरून क्यूआर कोड तयार ठेवा.

हानेदाला उतरलो आणि माझे पाय आपोआप री-एन्ट्रीच्या रांगेकडे वळले. सात वर्षं त्याच रांगेत उभी राहिले होते. तिथल्या बाईने कार्ड मागितलं, मी पर्स उघडली, आणि मग लक्षात आलं की दाखवायला काहीच नाही. तिने हाताने शांतपणे पलीकडची रांग दाखवली. तिथे बोटांचे ठसे, फोटो, आणि पासपोर्टवर 'तान्की ताइझाई', तात्पुरता मुक्काम. मुलगी विचारत होती, आई, मी तर इथेच जन्मले ना, मग? तिला काय सांगायचं ते मला पटकन सुचलं नाही. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना विमानातच सांगून ठेवा.

तो शिक्का नीट जपा, पुढे त्याच्यावरच सवलती मिळतात.

७. पासमो-सुइका, आणि तोझाई लाइनचा चकवा

जुनं पासमो किंवा सुइका, म्हणजे पैसे भरून वापरायचं ट्रेनचं कार्ड, शोधा आणि न्या. दहा वर्षं अजिबात वापरलं नाही तर कार्ड बाद होतं, त्याच्या आत असेल तर पैसे त्यात तसेच असतात. आमची दोन पासमो सुया-दोऱ्याच्या डब्यात सापडली. गेटला लावल्यावर लाल दिवा आला, मुलीने घाबरून हात मागे घेतला, पण खिडकीतल्या माणसाने मशीनवर ठेवून चालू करून दिलं आणि स्क्रीनवर १,३४० येन दिसले, आम्ही ठेवून गेलो होतो तेवढेच. कार्ड लाल दाखवलं म्हणून फेकू नका, आधी खिडकीत न्या. नसेलच कार्ड तर टूरिस्टसाठी वेलकम सुइका मिळतं, त्याला डिपॉझिट नाही पण ते २८ दिवसच चालतं.

राहत असताना आपल्याला जेआर पास (जेआर रेल्वेचा टूरिस्ट पास) मिळायचा नाही, टूरिस्टांकडे बघून हेवा वाटायचा. आता मिळतो! पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झालाय. नुसतं टोकियो-क्योतो-टोकियो करायचं असेल तर सुटी तिकिटं बरीच स्वस्त पडतात. हिरोशिमा, कुमामोतो असं लांब लांब एका आठवड्यात करणार असाल तरच हिशेब मांडा. शहरातल्या शहरात टूरिस्टना मिळणारं २४, ४८, ७२ तासांचं सबवे तिकीट जास्त उपयोगी, टोकियो मेट्रो आणि तोएइ या दोन्ही सबवेंवर चालतं, जेआरवर नाही.

आता तोझाई, म्हणजे निशि-कासाईला जाणारी मेट्रो लाइन. हानेदाहून केइक्युने थेट निहोनबाशी, तिथे तोझाई, हे मला झोपेतही सांगता येतं. आलेली पहिली गाडी पकडली आणि बसलो. मिनामी-सुनामाची गेलं, गाडी बोगद्यातून वर आली, आराकावाचा पूल लागला, नदीवर ऊन होतं, मी मुलीला खिडकीशी उभं केलं की बघ आता आपलं स्टेशन येणार. आणि निशि-कासाईचा प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोरून तसाच निघून गेला, मग कासाईसुद्धा. कायसोकू (जलद गाडी) होती, तोयोचो सुटलं की एकदम उरायासू. राहत असताना डोळे गाडीच्या रंगीत पाटीवर आपोआप जायचे, ती सवय गेली हे कळलं नव्हतं. उरायासूला उतरून बॅगांसकट पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन परत आलो. तेव्हा 'काकुएकी' लिहिलेलीच गाडी पकडा, म्हणजे सगळ्या स्टेशनांवर थांबणारी.

८. पैसे आणि खरेदी

घरात उरलेल्या जुन्या येनच्या नोटा चालतात. ३ जुलै २०२४ ला नवीन नोटा आल्या, १०,००० वर शिबुसावा एइइची, ५,००० वर त्सुदा उमेको, १,००० वर कितासातो शिबासाबुरो. दुकानात दोन्ही घेतात, पण छोट्या रामेनवाल्यांच्या तिकीट मशीनमध्ये कधी नवीन नोट जात नाही, तिथे जुनी हजाराची कामाला आली. कॅश लागली तर सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममध्ये बाहेरची कार्डं चालतात.

कोन्बिनीत (सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात) आता 'फुकुरो वा?' असं विचारतात, जुलै २०२० पासून पिशवीचे पैसे पडतात. कापडी पिशवी जवळ ठेवा. कन्झम्प्शन टॅक्स आपण ८ टक्के भरून गेलो, २०१९ पासून तो १० आहे, खायच्या वस्तू घरी न्यायच्या असतील तर त्यावर ८ च.

टॅक्स-फ्री: एका दुकानात एका दिवशी टॅक्स सोडून ५,००० येन किंवा त्याच्या वर खरेदी, आणि पासपोर्ट मूळ हवा, फोटो चालत नाही. आम्ही गेलो तेव्हा दुकानातच टॅक्स वजा व्हायचा. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्ससकट पैसे भरायचे आणि निघताना विमानतळावर माल दाखवून परत घ्यायचे. त्यानंतर जाणार असाल तर घेतलेल्या वस्तू पटकन काढता येतील अशा ठेवा आणि विमानतळावर तास-दीड तास लवकर पोचा.

९. जुन्या एरियात जाताना

माझा सल्ला, पहिल्याच दिवशी जाऊ नका. आणि रविवारी जाऊ नका. पहिले दोन दिवस शहर बघा, बदललेलं बघून घ्या. त्सुकिजीचा आतला बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, बाहेरची दुकानं अजून आहेत. यामानोते रेल्वे लाइनवर ताकानावा गेटवे नावाचं स्टेशनच नवीन आलंय. शिबुयात मला माझा नेहमीचा रस्ता सापडला नाही. हे सगळं आधी बघितलं की जुन्या गल्लीत काहीतरी गेलेलं दिसल्यावर एकदम धक्का बसत नाही.

मग एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी, मुलं शाळेत जायच्या वेळेला तिथे जा. आईच्या सायकली, पिवळ्या टोप्या, बाल्कनीत वाळत घातलेल्या गाद्या, हेच तर आपण जगत होतो.

आम्ही सेइशिन्चोत यूआरच्या (सरकारी भाड्याच्या घरांच्या) बिल्डिंगीत राहायचो. खाली उभं राहून चौथ्या मजल्याची आपली बाल्कनी बघितली, तिथे कोणाचीतरी छोटी निळी सायकल होती. तेवढंच करा. जिन्यात शिरू नका, पोस्टबॉक्सवरच्या नावांचे, खिडक्यांचे फोटो काढू नका, तिथे आता दुसऱ्याचं घर आहे. कोपऱ्यावर भाजीवाल्या ओबासानचं (मावशींचं) दुकान होतं, मला कोथिंबीर हवी असते म्हणून खास मागवून ठेवायची. तिथे आता कॉइन लाँड्री आहे. तिचं पूर्ण नाव मी सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं, आज तिथे राहत असाल तर अशा माणसांची नावं विचारून, लिहून ठेवा.

मुलांना त्यांची लहानपणची जागा दाखवायची असेल तर बाग निवडा, बागा जात नाहीत. ग्योसेन पार्कातलं एडोगावाचं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे, सोमवारी बंद. मुलीला जपानी एक शब्द आठवत नव्हता, सगळीकडे माझा हात धरून होती. तिथे मांडीवर गिनीपिग ठेवायला देतात, तिने तो घेतला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, हा वास मला माहितीये. मग म्हणाली, मोरुमोत्तो.

पाळणाघरात जायचं असेल तर आधी पत्र किंवा फोन करा, न सांगता दारात उभं राहिलात तर आत घेणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. आम्ही महिनाभर आधी जपानीत पत्र लिहिलं, मुलीचा तेव्हाचा फोटो घातला. दारातच दहा मिनिटं भेट झाली, जुन्यापैकी एकच सेन्सेइ उरल्या होत्या, त्यांनी तिला ओळखलं.

१०. माणसं

जपानी मित्रांना दीड-दोन महिने आधी तारीख आणि वेळ विचारा. 'आलो की फोन करतो' हे तिथे चालत नाही, आणि ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून अडचणीत पडतात. ओमियागे (भेटीचा खाऊ) छोटं, वेगवेगळं बांधलेलं न्या. मराठी मंडळींचं उलट, त्यांना कळलं की तीन घरी जेवायला बोलावतात, तुम्ही पंधरा दिवसांत किती जेवणं घेणार ते आधीच ठरवा. गणपतीच्या दिवसांत जाणार असाल तर टोकियो मराठी मंडळाचा कार्यक्रम बघून तारखा जमवा, एका जागी सगळे भेटतात.

लाइन (LINE) या चॅट अ‍ॅपचं अकाउंट जुन्या जपानी नंबरवर असेल तर इथूनच भारतीय नंबरला जोडून घ्या, फोन बदलायच्या आधी. मी उशीर केला आणि सात वर्षांचे सगळे चॅट गेले, तीन मैत्रिणींचा पत्ता त्यातच होता, त्यातली एक अजून सापडलेली नाही.

११. निघायचा दिवस

पासमो परत करून ५०० येन डिपॉझिट घ्यायचं का, तर परत जायचा थोडाही विचार असेल तर नका करू. शेवटच्या दिवशी त्यात उगाच जास्त पैसे भरू नका, एवढंच. आणि कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, डब्यात नको.